दाराबाहेरचा कॅमेरा शेजाऱ्यांच्या घरात डोकावू नये म्हणून

सोसायटीचा पॅसेज सगळ्यांचा, तिथून जाणारा माणूस कॅमेऱ्यात येणारच. पण समोरचं दार उघडलं की दिसणारा दिवाणखाना त्या घरच्यांचा. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात म्हटलंय की सार्वजनिक जागी आल्यानेही माणसाचा खासगीपणा संपत नाही. मग घराच्या उंबऱ्याआतलं तर विचारायलाच नको.

भिंत सोसायटीची, म्हणून ड्रिल लावण्याआधी सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि समोरच्यांनाही सांगा.

कॅमेरा चौकटीवर बसवून सरळ समोर रोखला की पंचाईत होते. २.८ मिमीची लेन्स साधारण १०० अंशांचा पट्टा टिपते, दीड मीटरच्या पॅसेजमध्ये समोरचं अख्खं दार त्यात येतं. त्यापेक्षा चौकटीच्या बाजूला, सव्वादोन ते अडीच मीटर उंचीवर बसवा आणि तोंड खाली, आपल्याच पायपुसण्याकडे वळवा. ४ किंवा ६ मिमीची लेन्स घेतली तर पट्टा आणखी अरुंद होतो.

आता खरी तपासणी. बहुतेक जण समोरचं दार बंद असताना मोबाइलवर चित्र बघतात आणि समाधान मानतात. शेजाऱ्यांना दार पूर्ण उघडायला सांगा. एकदा दिवसा, एकदा रात्री आतले दिवे लावून. अंधाऱ्या पॅसेजमधून उजळलेलं घर फार स्पष्ट दिसतं.

तरीही काही दिसत असेल तर ॲपमधल्या ‘प्रायव्हसी मास्क’ने तेवढा भाग काळा करा. कॅमेरा जरा हलला की मास्क सरकतो, फिरत्या कॅमेऱ्यात तर त्यावर विसंबूच नका. रेकॉर्डिंग उघडून तिथेही भाग झाकलाय ना, ते बघा. शिवाय मास्क कधीही काढता येतो, त्यामुळे शेजाऱ्यांचा विश्वास बसायला कॅमेऱ्याचं तोंड वळवणंच बरं. कॅमेऱ्याच्या काचेवर चिकटपट्टी लावू नका. रात्री कॅमेऱ्याचा इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश तिच्यावरून परततो आणि चित्र पांढरं पडतं.

माइक बंद ठेवा. दारात उभं राहून बोलणाऱ्यांचं संभाषण साठवायचं कारण नाही.

कॅमेरा शेजाऱ्यांचा असेल तर आधी त्यांच्या मोबाइलवर चित्र दाखवायला सांगा, मग कमिटीला लेखी तक्रार द्या. बाथरूमची खिडकी किंवा कपडे बदलण्याची जागा टिपली जात असेल तर कमिटीची वाट न पाहता थेट पोलिसांत जा: माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आणि महिलांच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ अशा चित्रणासाठीच आहे.