फियाटच्या स्टेअरिंगला तडे गेलेत? भरायच्या आधी ते आणखी उघडा

कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी असो, तिच्या आधीची फियाट डिलाइट असो नाहीतर आपली ॲम्बी म्हणजे ॲम्बेसेडर, यांची स्टेअरिंगं जवळनं बघा, बऱ्याच जणींना तडे गेलेले असतात आणि मालक त्यावर एक जाड कव्हर चढवून मोकळा होतो. दिसायला झालं काम, पण आतला तडा आहे तिथंच राहतो, हाताचा घाम आणि पावसाळ्यातली ओल त्यात मुरते, आतलं लोखंड गंजतं, गंज फुगला की तडा अजून रुंद.

मुळात तडा जातो का ते समजून घ्या म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. आत स्टीलच्या सळीची रिंग असते आणि तिच्यावर कडक प्लॅस्टिक नाहीतर कडक रबर बसवलेलं. वर्षानुवर्षं उन्हात राहून ते प्लॅस्टिक आकसतं, स्टील काही आकसत नाही, मग कुठेतरी फाटणारच ना. म्हणून तडे बहुतेक आडवे पडतात आणि स्पोक (मधून रिंगकडे जाणारा दांडा) रिंगला मिळतो तिथे तर हमखास. आता अशा तड्यावर वरनं फेविक्विक सोडलं किंवा पेंटरकडनं लांबी (पुट्टी) मारून घेतली तर ती काही महिन्यांत उडते, कारण ती सळीपर्यंत पोचलेलीच नसते.

स्टेअरिंगचं चाक गाडीवर ठेवून हे काम करू नका. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पुढची चाकं सरळ करा, हॉर्नचं बटण किंवा रिंग काढा आणि वायर-स्प्रिंग-वॉशर कसे बसलेत त्याचे फोटो काढून ठेवा. मधला नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या, नाहीतर चाक एकदम सुटून तोंडावर येतं. शाफ्ट (मधला दांडा) आणि हबवर (त्यावर बसणारा चाकाचा मधला भाग) समोरासमोर खूण करा. मग पुलर, म्हणजे चाक सरळ ओढून काढायचं हत्यार, लावा. हातोडा नको म्हणजे नको, शाफ्टचे आटे जातात आणि खाली स्टेअरिंग बॉक्सला मार बसतो तो वेगळाच. पुलर नसेल तर ओळखीच्या गॅरेजमधनं तासाभरासाठी मागून आणा.

साबणाच्या पाण्याने घासून सगळा चिकटा काढा, डॅशबोर्ड पॉलिशचं सिलिकॉन राहिलं तर पुढे रंगाला डोळे म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. थिनर आणि ॲसिटोन मात्र जपून, काही जुन्या प्लॅस्टिकला ते चक्क विरघळवतात, आधी हबच्या मागे एक थेंब लावून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोल त्यामानाने बरं, पण तेही तिथेच तपासून घ्या. स्वच्छ झालं की सांगाडा तपासा. सळीच तुटलेली असेल, स्पोक हबपाशी हलत असेल किंवा हबच्या आतले दाते झिजले असतील तर थांबा, ते चाक भिंतीवर लावा आणि चोर बाजारात किंवा जुन्या बाजारात दुसरं शोधा. एपॉक्सी प्लॅस्टिकची जागा घेतं, स्टीलची नाही.

आता खरं काम. प्रत्येक तडा हॅक्सॉ ब्लेड आणि तिकोनी कानसीने व्ही आकारात उघडायचा, थेट सळी दिसेपर्यंत, वरची रुंदी पाच-सहा मिलिमीटर झाली तरी चालेल. केसाएवढे बारीक तडेसुद्धा सोडू नका. चांगलं चाक आपणच कापतोय असं वाटून हात थरथरतो, पण इथे कंजूषी केली की सगळं फुकट. कडेचं प्लॅस्टिक भुसभुशीत असेल तर टणक लागेपर्यंत काढा. छोटं रोटरी टूल वापरलंत तर स्पीड कमी ठेवा, गरम झालं की प्लॅस्टिक वितळून माखतं. आणि मास्क लावा, ही धूळ नाकात जाऊ देऊ नका. सळीचा गंज वायर ब्रशने काढा, पेपरने खरखरीत करा, धूळ पुसा, पूर्ण वाळू द्या.

भरायला सावकाश सेट होणारं एपॉक्सी घ्या, साधं स्टँडर्ड अराल्डाइट चालतं, पाच मिनिटवालं नको. पाकिटावरचं प्रमाण पाळा. आधी पातळ हात सळीला आणि दोन्ही भिंतींना चोळून लावा, मग उरलेल्यात थोडी फ्रेंच चॉक (टाल्कची पूड) मिसळून घट्ट करा आणि दाबून भरा, खाली मास्किंग टेपचा बांध घाला म्हणजे गळणार नाही. मोठा तुकडाच उडाला असेल तर एम-सील मळून बसवता येतं, पण तेही त्या पातळ थरावरच. एक-दीड मिलिमीटर जास्त भरा आणि निदान २४ तास हात लावू नका, थंडीत अजून एक दिवस.

घासताना आधी अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपरच्या लांब पट्ट्या करून बूट पॉलिशवाला फडकं ओढतो तशा रिंगभोवती ओढायच्या, ८० नंबर, मग १२०, २२०, ३२०. मागच्या बोटांच्या खाचा असतील तर पेन्सिलीला किंवा पाइपच्या तुकड्याला पेपर गुंडाळून आकार आणा. सांधा जमला का ते डोळे मिटून बोटांनी तपासा, डोळ्यांना न दिसणारा उंचवटा हाताला लगेच लागतो.

मग पीयू (पॉलियुरेथेन) प्रायमर, वाळला की वरनं काळ्या स्प्रेचा हलका शिडकावा आणि ४००-६०० वॉटर पेपर, जिथे काळं राहिलं तिथे खड्डा आहे, बारीक लांबी भरा आणि पुन्हा प्रायमर. रंग टू-के पीयूच मारा, म्हणजे हार्डनर मिसळायचा दोन भागांचा, एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग घामाने मऊ पडतो. ओरिजिनल शेड हॉर्नच्या बटणाखाली सापडते, तिथे ऊन लागलेलं नसतं. हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे फुप्फुसांना घातक रसायन असतं आणि साधा कापडी मास्क त्याला पुरत नाही, त्यामुळे फवारणी बूथवाल्या पेंटरकडनं करून घ्या असं माझं स्पष्ट मत. ऐन पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. आणि फार चकचकीत करू नका राव, रात्री सगळे दिवे चाकात दिसतात.

आठवडाभर रंग पक्का होऊ द्या. खुणा जुळवून बसवा, लॉक वॉशर नवा टाका, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. हॉर्न वाजतो का, वळल्यावर इंडिकेटर आपोआप बंद होतो का, दोन्हीकडे फुल लॉक फिरतं का ते उभ्या गाडीत बघा, मग गल्लीत हळू एक चक्कर.

पुढे गाडी उन्हात उभी असेल तर चाकावर पांढरा टॉवेल टाका. तरी जुनं प्लॅस्टिक अजून थोडं आकसणार, दोन-तीन वर्षांनी भरलेल्या जागेच्या बाजूला केसाएवढा नवा तडा पडू शकतो, तेव्हा तेवढाच उघडायचा, भरायचा, आणि तेवढ्याच भागाला टचअप.