लोफोटेनच्या हिवाळी समुद्रात कॉड गरवायला जाताना : तयारीची यादी

नॉर्वेच्या लोफोटेन बेटांवर हिवाळ्यात कॉड गरवायला जायचे ठरले की बहुतेकांची यादी रॉड आणि रीलपासून सुरू होते. ती उलट्या क्रमाने करावी, असा माझा आग्रह आहे. जानेवारी ते एप्रिल या महिन्यांत बॅरेंट्स समुद्रातला प्रौढ कॉड अंडी घालण्यासाठी शेकडो किलोमीटर अंतर कापून लोफोटेनच्या किनाऱ्याला येतो. नॉर्वेजियन लोक या फिरस्त्या कॉडला ‘स्क्राय’ म्हणतात, आणि त्याचे थवे इतके दाट असतात की मासा गळाला लागेल की नाही याची चिंता सहसा करावी लागत नाही. चिंता करायची ती हाताच्या बोटांची, अंगातल्या उबेची आणि बोट वेळेत बंदराला परतण्याची. म्हणून जी वस्तू विसरल्यास जिवावर बेतेल ती आधी आणि जी विसरल्यास तिथल्या दुकानात मिळेल ती शेवटी, असा क्रम मी धरला आहे.

त्याआधी तारखा पक्क्या कराव्यात. हे सगळे उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे असल्यामुळे डिसेंबरच्या बहुतेक दिवसांत आणि जानेवारीच्या पहिल्या दिवसांत लोफोटेनमधल्या स्वोल्वेर गावी सूर्य क्षितिजावर येत नाही. मासा येऊ लागला तरी काम अंधारात करावे लागते. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चअखेर हा काळ मला सर्वांत चांगला वाटतो, कारण थवे जोरात असतात आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस बारा तासांचा होतो. मात्र मार्चच्या उत्तरार्धात स्वोल्वेरला कॉड गरवण्याची जागतिक स्पर्धा भरते आणि त्या दिवसांत ‘रोर्बू’ म्हणजे पाण्यावर खांब रोवून उभारलेली कोळ्यांची लाकडी घरे बरीच आधी भरून जातात. मुक्काम किती दिवसांचा, याचा हिशेब करताना समुद्रावर जायला जितके दिवस हवेत त्यात किमान दोन दिवस वाऱ्याचे म्हणून वेगळे जोडावेत. चार दिवसांच्या सहलीत चारही दिवस समुद्रावर जाण्याचा हट्ट धरणारा माणूसच वाईट हवेत बोट काढतो.

भारतीय पारपत्रावर जाणाऱ्यांनी शेंगेन व्हिसाचा अर्ज लवकर करावा. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. त्या विम्यात लहान बोटीतून केलेली सागरी मासेमारी धरली आहे का, हे लेखी विचारून घ्यावे. जर्मनी, स्वीडन किंवा ओस्लोत राहणाऱ्या आपल्या मंडळींचा व्हिसाचा प्रश्न सुटलेला असतो, पण विम्याचा हा मुद्दा त्यांनाही लागू आहे.

आता कपडे. या समुद्राचे वैशिष्ट्य असे की अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे तो गोठत नाही. मार्चमध्ये पाणी साधारण ३ ते ५ अंशांवर असते आणि हवाही कित्येकदा शून्याच्या आसपासच असते. आकडा वाचून हिमाचलच्या थंडीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण इथली थंडी ओली आणि वाऱ्याची आहे, आणि माणूस तीत पाच-सहा तास जवळपास एका जागी उभा असतो. अंगालगत मेरिनो लोकरीचा पूर्ण बाह्यांचा थर, त्यावर जाड लोकरीचा किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत बाहेर तरंगता सूट, अशी रचना ठेवावी. सुती बनियन आणि सुती मोजे घरीच ठेवावेत, कारण घामाने भिजलेले सूत अंगाला चिकटून राहते आणि ऊब शोषून घेते. लोकर ओली झाली तरी बरीच ऊब धरून ठेवते. आतला थर दोन जोड घ्यावा, म्हणजे एक वाळत असताना दुसरा घालता येतो.

पायांसाठी आत निघणारे नमद्याचे अस्तर असलेले रबरी बूट एक माप मोठे घ्यावेत. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की पाय अधिक गार पडतात, हे दुकानात बूट घालून पाहताना कळत नाही, बोटीवर दुसऱ्या तासाला कळते. टोपी कान झाकणारी असावी, आणि मफलरऐवजी गळ्यात घालायची लोकरीची नळी घ्यावी, कारण मफलरची सुटी टोके रीलमध्ये अडकतात.

हातमोज्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सहल बहुधा इथेच फसते. विणलेला ओला दोरा बोटांखालून सरकत असताना हातमोज्यांतून खारे पाणी आत झिरपते आणि पाऊण तासात करंगळी आणि अनामिका बधिर होतात. त्या बोटांनी गाठ मारता येत नाही, चाकू नीट धरता येत नाही आणि सर्वांत वाईट म्हणजे व्हीएचएफचे, म्हणजे बोटीवरच्या रेडिओचे, बटणही नीट दाबता येत नाही. मी पहिल्या खेपेला निओप्रीन या रबरी कापडाचा एकच जोड घेऊन गेलो होतो, तो ओला झाल्यावर बदलायला काही नव्हते आणि आम्हांला दुपारी बाराला परतावे लागले. आता मी तीन जोड नेतो : काम करताना पातळ निओप्रीनचे, जागा बदलताना घालायला जाड लोकरीचे पंजे आणि एक कोरडा जोड बंद पिशवीत. नॉर्वेचे जुने कोळी वल्ही मारताना मुद्दाम मोठे विणून मग आटवलेले लोकरीचे पंजे घालत. ते समुद्राच्या पाण्यात बुचकळून, पिळून पुन्हा घालत असत. तसे पंजे आजही मिळतात आणि माझ्या अनुभवात त्यांची बरोबरी कुठल्याही नव्या कापडाने केलेली नाही.

तरंगता सूट बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतो, पण आपली उंची आणि वजन आधी कळवावे, कारण ढगळ सुटात पाणी भरते. हा सूट घातला म्हणजे जीवरक्षक जाकीट नको, असे समजू नये. सूट पाण्यावर धरतो, पण बेशुद्ध माणसाचा चेहरा वर राहील याची खात्री देत नाही. त्यासाठी १५० न्यूटन उचल देणारे, आपोआप फुगणारे जाकीट वर घालावे. स्वतःचे जाकीट विमानातून नेणार असाल तर त्यातल्या वायूच्या नळकांडीसाठी विमान कंपनीची आधी परवानगी घ्यावी. थंड पाण्यात पडणाऱ्याने १-१०-१ हा नियम पाठ केलेला असावा : पहिले १ मिनिट धाप आवरून श्वास ताब्यात घेण्याचे, पुढची सुमारे १० मिनिटे हातपाय कामात येण्याची, आणि त्यानंतर शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे बोटीवर परत चढण्याची शिडी कुठे आहे आणि ती पाण्यातून ओढून खाली घेता येते का, हे निघण्यापूर्वी प्रत्येकाने हात लावून पाहायचे असते.

पहिल्याच खेपेला स्वतः बोट चालवण्याऐवजी स्थानिक तांडेलासह बोट घ्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः चालवायची असेल तर १९८० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ८ मीटरपेक्षा लांब किंवा २५ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनाच्या बोटीसाठी नॉर्वेत मान्य असलेले प्रमाणपत्र लागते, आणि भाड्याच्या बऱ्याच बोटी त्या मर्यादेच्या वरच्या असतात. बोट ताब्यात घेताना इंधन, दिवे, नांगर, उपसापंप, नकाशायंत्र आणि व्हीएचएफ मालकासमोर चालू करून पाहावेत. इंजिन बंद करणारी सुरक्षादोरी सर्वांत आधी पाहावी. चालक पाण्यात पडला की तीच दोरी सुटून इंजिन थांबते. मला एकदा भाड्याच्या बोटीवर ही दोरी आपल्या जागीच कायमची गाठ मारून ठेवलेली सापडली होती. म्हणजे चालक पडला असता तरी बोट त्याला सोडून तशीच पुढे गेली असती. मी दुसरी दोरी मिळेपर्यंत धक्का सोडला नाही.

मोबाइल जलरोधक पाकिटात, सुटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावा, कारण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. समुद्रावरील संकटासाठी नॉर्वेत १२० हा क्रमांक आणि व्हीएचएफची १६ क्रमांकाची वाहिनी आहे. हे दोन आकडे कागदावर लिहून सुकाणूजवळ चिकटवावेत. किनाऱ्यावर एका माणसाला आपण कुठे जातो आणि किती वाजता परततो हे सांगून जावे.

हवेचा अंदाज नॉर्वेच्या हवामान संस्थेच्या ‘यर’ सेवेवर पाहावा. तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात असतो, आणि ताशी किलोमीटरची सवय असलेल्याला १० हा आकडा किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात तो ताशी ३६ किलोमीटर होतो. लहान बोटीसाठी मी ८ वर थांबतो. वाऱ्याइतकीच भरती-ओहोटीही पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला बेटांमधल्या अरुंद वाटांतून पाणी जोरात धावते, आणि त्याच्याविरुद्ध वारा असला की लाट आखूड आणि उभी होते. लोफोटेनच्या दक्षिण टोकाचा मोस्कस्ट्राउमेन हा भोवऱ्यांचा प्रवाह तर जगप्रसिद्ध आहे. पाहुण्याने लहान बोट घेऊन त्या बाजूला जाऊ नये. हवा शून्याखाली चांगलीच उतरलेली आणि वारा जोराचा असेल तर उडालेले तुषार कठड्यावर, छपरावर आणि दोरांवर गोठत जातात. वरचे वजन वाढून बोट डोलायला जड होते. कठडा पांढरा होऊ लागला की गळ गुंडाळून परत फिरायचे, हा निर्णय धक्क्यावर असतानाच सगळ्यांनी मिळून करून ठेवावा, कारण खाली मासा लागत असताना तो कोणाच्याही तोंडून निघत नाही.

समुद्र लागतो की नाही हे ज्याला माहीत नाही त्याने लागतो असेच धरून चालावे. गोळी डॉक्टरांना विचारून भारतातूनच न्यावी आणि बोट सुटण्याच्या आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. तिने झोप येत असेल तर त्या दिवशी सुकाणू दुसऱ्याकडे द्यावे. थर्मासमध्ये गरम पाणी, आल्याच्या वड्या, दाण्याची चिक्की किंवा गुळपापडी असे हातमोज्यानिशी खाता येईल असे काहीतरी सोबत असावे.

गरवण्याच्या साहित्यासाठी फार पैसे घालवण्याची गरज नाही. दोन-सव्वादोन मीटरचा ताठ रॉड, ३०० मीटर विणलेला दोरा बसेल असे मजबूत रील, दोऱ्याच्या टोकाला मीटर-दीड मीटर जाड नायलॉन आणि २०० ते ५०० ग्रॅम वजनाची धातूची किंवा रबरी आमिषे एवढ्यात काम भागते. प्रवाह जोराचा असेल तर हलके आमिष तळाला पोचतच नाही, म्हणून जड आमिषे जास्त घ्यावीत. थवा अनेकदा तळाऐवजी मधल्या पाण्यात असतो. खोलीयंत्रावर जाड पट्टा ज्या खोलीवर दिसेल तिथेच आमिष थांबवावे. रॉडच्या कड्यांत बर्फाचे मणी साचून दोरा अडू लागला तर ते नखाने काढत बसू नये. रॉडचे टोक क्षणभर समुद्रात बुडवावे, हवेपेक्षा पाणी उबदार असल्याने बर्फ लगेच विरघळतो. चाकू आणि मासा वर ओढायचा लोखंडी आकडा मोठ्या सामानात जातील, आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र हातातल्या पिशवीत.

मासा वर आल्यावरची तयारीही घरूनच करायची असते. ६२ अंश अक्षांशाच्या उत्तरेला कॉडची किमान लांबी ४४ सेंटीमीटर आहे; त्याहून लहान आणि जिवंत मासा परत सोडावा लागतो, म्हणून मोजपट्टी बोटीच्या कडेलाच चिकटवून ठेवावी. खोल पाण्यातून वेगाने ओढलेल्या कॉडचा वाताशय फुगतो आणि त्याला परत खाली जाता येत नाही, तेव्हा लहान मासे लागू लागले तर जागा बदलणेच योग्य. ठेवायचा मासा लगेच डोक्यावर ठोकून मारावा, कल्ल्यांखाली काप देऊन समुद्राच्या पाण्याने भरलेल्या टबात पंधरा-वीस मिनिटे रक्त वाहू द्यावे आणि मगच पोट फाडावे. असे केलेल्या माशाचे मांस मोत्यासारखे पांढरे राहते. न केलेल्याचे काट्याजवळ लालसर पडते. पोटातून फिकट रंगाचे मोठे काळीज (यकृत) आणि गुलाबी गाबोळी निघते, ती वेगळ्या डब्यात ठेवावी. उकडलेला कॉड, काळीज आणि गाबोळी यांचे ‘मोल्ये’ हे तिथले हिवाळ्यातले जेवण आहे, आणि गाबोळीवर जीव असलेल्या कोकणी माणसाला ते परके वाटणार नाही. कॉडमध्ये कृमी असू शकतात, त्यामुळे मासा पूर्ण शिजवावा. कच्चा खायचा असेल तर उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवलेला असावा.

पाहुण्याला समुद्रात हातातल्या रॉडने गरवायला परवाना लागत नाही, पण पकडलेला मासा विकता येत नाही आणि मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपासून १०० मीटरच्या आत गळ टाकता येत नाही. मासा देशाबाहेर न्यायचा असेल तर मुक्काम नोंदणीकृत मासेमारी केंद्रात हवा. २०२१ मध्ये वजनाची मर्यादा २० वरून १८ किलोवर आणली गेली, आणि हे नियम बदलत असल्याने निघण्याच्या आठवड्यात नॉर्वेच्या मत्स्य संचालनालयाच्या संकेतस्थळावर चालू आकडा पाहून घ्यावा. भारतात परतणाऱ्यांनी ही उठाठेव न करता मासा तिथेच रांधून खावा आणि उरलेला शेजारच्या घरात द्यावा. युरोपात गाडीने परतणाऱ्यांनी काप सपाट पिशव्यांत कडक गोठवावेत, पेटी घरचाच वजनकाटा नेऊन तोलावी, आणि केंद्राने दिलेला पकडीचा दाखला पेटीत न ठेवता गाडीच्या पुढच्या कप्प्यात ठेवावा, म्हणजे सीमेवर कोणी मागितला तर झाकण उघडावे लागत नाही.