डेल अर्नहार्टची कारकीर्द कशी बघावी

स्टॉक कार शर्यती, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या अमेरिकी शर्यती, नव्यानं बघू लागलेले मला विचारतात, या खेळातला मोठा रेसर अर्नहार्ट कुठून सुरू करू? आकडे आधी उरकून घ्या: ७६ विजय, ७ अजिंक्यपदं.

मग नॉर्थ कॅरोलायनातलं कॅनापोलिस, कापडगिरण्यांचं गाव. वडील राल्फही रेसर. पोरानं गाड्यांपायी शाळा अर्ध्यात सोडली. १९७९ ला सर्वोत्तम नवोदित, १९८० ला थेट अजिंक्यपद. पण १९८१ गाळू नका. त्या वर्षी त्यानं एकही शर्यत जिंकली नाही, आणि ते वर्ष बघितल्याशिवाय पुढचा माणूस कळत नाही असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात जास्त वेळ डेटोना ५०० ला, या खेळातल्या सगळ्यात मानाच्या शर्यतीला, द्या. आधी १९९७. थोडेच लॅप उरलेले असताना त्याची काळी तीन नंबरची गाडी उलटली. तो ॲम्ब्युलन्समध्ये बसलासुद्धा, पण वळून पाहिलं तर चाकं जागेवर. उतरला, गाडी सुरू झाली, आणि चेपलेल्या पत्र्यानिशी पुन्हा ट्रॅकवर. त्यानंतरच १९९८ लावा. विसाव्या प्रयत्नात जिंकल्यावर पिट रोडवर, म्हणजे शर्यतीत गाड्या चाकं-इंधनासाठी थांबतात त्या पट्ट्यावर, प्रतिस्पर्धी संघांची माणसं रांगेनं उभी, प्रत्येकाचा हात त्याच्या खिडकीकडे. मला अजून भरून येतं.

२००१ ची डेटोना ५०० सगळ्यात शेवटी बघा. शेवटच्या लॅपमध्ये गाडी भिंतीवर धडकून तो गेला. ती धडक परत परत बघू नका. पुढे डोकं-मान सावरणारा पट्टा सक्तीचा झाला, भिंतींना धक्का शोषणारे अडथळे आले, ते वाचा.