नेस्टेड डिक्शनरी सपाट करताना या चुका टाळा

एपीआयकडून (दुसऱ्या प्रोग्रॅमकडून डेटा मागवायची सोय) आलेला जेसन (मजकूर रूपातला डेटा) एक्सेलमध्ये न्यायचा असला की डिक्शनरीतली डिक्शनरी उलगडावी लागते. डिक्शनरी म्हणजे 'की' (नाव) आणि व्हॅल्यू यांच्या जोड्या. 'पत्ता'च्या आत 'शहर' असेल, तर 'पत्ता_शहर' अशी एकच की हवी असते. पायथनमध्ये हे दहा ओळींचं काम. पण त्याच दहा ओळींत डेटा गुपचूप हरवू शकतो आणि एरर एकही येत नाही, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

सगळ्यात महागात पडते ती नावांची टक्कर. मूळ डेटात वरच्या पातळीवर 'पत्ता_शहर' ही की आधीच असेल आणि 'पत्ता'च्या आत 'शहर'ही असेल, तर सपाट केल्यावर दोघांचं नाव एकच होतं. नंतर आलेली व्हॅल्यू आधीची पुसून टाकते. आकडा १ आणि स्ट्रिंग (मजकूर) '१' या वेगळ्या कींचंही तेच होतं. अंडरस्कोअरऐवजी डॉट घेतला तर धोका कमी होतो, संपत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की रिकर्शन करणाऱ्या, म्हणजे आतल्या डिक्शनरीसाठी स्वतःलाच कॉल करणाऱ्या फंक्शनने नावं जोडूच नयेत. त्याने फक्त वाट आणि व्हॅल्यू यांची जोडी यील्ड करावी, म्हणजे एकेक करून बाहेर द्यावी. वाट म्हणजे ट्युपल (न बदलणारी यादी): ('पत्ता', 'शहर'). नावं जोडायचं काम बाहेर, वेगळ्या छोट्या फंक्शनमध्ये करा आणि तिथेच तपासा: हे नाव आधी येऊन गेलं असेल तर सरळ एरर रेझ करा. दोन फंक्शनं, प्रत्येकाला एकच काम. सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणी वाचलं तरी कळतं.

या रचनेत आणखी एक जुनी चूक आपोआप टळते. निकाल साठवायला डिफॉल्ट आर्ग्युमेंट (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची व्हॅल्यू) म्हणून रिकामी डिक्शनरी दिली, तर ती फंक्शन डिफाइन होताना एकदाच तयार होते. मग दुसऱ्या रेकॉर्डमध्ये पहिल्याचा डेटा उतरतो. रिकामा ट्युपल मात्र डिफॉल्ट म्हणून बिनधास्त द्या, तो बदलतच नाही.

आतल्या व्हॅल्यू गायब आहेत? रिकर्सिव्ह कॉलआधी 'यील्ड फ्रॉम' लिहायचं राहिलं असणार. नुसता रिकर्सिव्ह कॉल केला तर जनरेटर (मागितल्यावर एकेक व्हॅल्यू देणारा ऑब्जेक्ट) तयार होतो आणि न चालता फेकला जातो.

रिकामी डिक्शनरीही अशीच नाहीशी होते, कारण तिच्यावर लूप एकदाही फिरत नाही. आत उतरायची अट 'डिक्शनरी आहे आणि रिकामी नाही' अशी ठेवा. ही अट 'ज्यावर लूप चालतो ते सगळं' इतकी सैल मात्र करू नका. स्ट्रिंगवरही लूप चालतो, एका अक्षराच्या स्ट्रिंगमधून पुन्हा तीच स्ट्रिंग मिळते आणि साधारण १००० कॉलनंतर रिकर्शन एरर येते.

लिस्टचं काय करायचं हे आधी ठरवा. पांडाज या डेटा हाताळायच्या लायब्ररीचं जेसन नॉर्मलाइझ फंक्शन, वेगळं काही सांगितलं नाही तर, आतली लिस्ट आहे तशीच ठेवते, आणि बहुतेक वेळा तेच बरं.

की मराठीत असतील तर 'ऱ' जपा. तो एका कोडपॉइंटने (युनिकोडमधल्या चिन्हाच्या क्रमांकाने) लिहिता येतो, तसाच 'र' अधिक नुक्ता (अक्षराखालचा टिंब) असा दोन कोडपॉइंटनीही. डोळ्याला सारखेच, पायथनला वेगळे. सपाट करण्याआधी युनिकोडडेटा मॉड्यूलच्या नॉर्मलाइझने सगळ्या स्ट्रिंग की एनएफसी या एकाच ठरलेल्या रूपात आणा, म्हणजे 'शेतकऱ्याचे नाव' या एकाच कीचे दोन कॉलम होत नाहीत.