लेझर लॅबमध्ये नवीन आलायस? बीम अडवणारं शटर उघडायच्या आधी हे वाच

दरवर्षी पावसाळ्यात नवीन पोरं लॅबला येतात, लोकलमधून अर्धी भिजून, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, याने कागद जळतो का?" जळतो रे. पण कागदावर पडणारा बीम कुठून कुठे चाललाय हे आपल्याला माहीत असतं, डोळा जातो तो भलतीकडूनच आलेल्या बीमने.

हिशोब करून बघ. कोटिंग नसलेल्या साध्या काचेची एक बाजू साधारण ४ टक्के प्रकाश परत फेकते. बीम १० वॅटचा असेल तर ते झाले ४०० मिलीवॅट, आणि ५०० च्या वर तर क्लास ४ च सुरू होतो (लेझरच्या धोक्याचा सगळ्यात वरचा वर्ग, ३बी त्याच्या खालचा), म्हणजे लेन्सने फेकलेला उरलासुरला बीमसुद्धा क्लास ३बी च्या पार वरच्या टोकाला बसलाय. त्यात आपला डोळा स्वतःच लेन्स, तो हे सगळं रेटिनावर, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, एका ठिपक्यात गोळा करतो, तीव्रता लाखभर पटीने वाढते. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो, तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. १०६४ नॅनोमीटरला तर पापणी मिटणारच नाही, दिसतच नाही ना काही. आणि ८०० नॅनोमीटरवाला टायटेनियम-सफायर लेझर सगळ्यात बेरकी, अंधुक लाल ठिपका दिसतो आणि वाटतं पॉवर कमी आहे, खरं तर आपला डोळाच तिथे जवळपास आंधळा असतो.

आता गॉगल. रंग बघून गॉगल उचलू नकोस, त्यावर काय छापलंय ते वाच, वेव्हलेंथ आणि ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, गॉगल प्रकाश किती अडवतो तो आकडा) दोन्ही. ओडी ६ म्हणजे दहा लाखातला एक भाग आत येतो, पण फक्त छापलेल्या वेव्हलेंथला. हिरव्यासाठीचा नारिंगी गॉगल १०६४ आरपार सोडू शकतो, आणि ५३२ चा हिरवा बनतोच १०६४ पासून, एका क्रिस्टलमध्ये, त्यामुळे त्या क्रिस्टलच्या पुढे बऱ्याचदा दोन्ही असतात. ऑनलाइन मिळणारे दोन-तीनशे रुपयांचे लाल चष्मे लॅबमध्ये आणू पण नकोस. आणि चांगला गॉगल असला तरी तो चुकून आलेल्या बीमसाठी आहे, सरळ बीममध्ये डोकावायचं लायसन्स नाही.

खरी गडबड होते अलाइनमेंटला, म्हणजे मिरर-लेन्स हलवून बीम जागेवर आणताना. माझंच सांगतो. पहिल्या वर्षी, ५३२, पॉवर कमी केलेली, मिरर माउंटचा स्क्रू फिरवत होतो आणि हातातली चकचकीत ॲलन की जरा घसरून बीममध्ये गेली. हिरवी रेघ भिंतीवरून सरकत छतावर गेली आणि मधे आमच्या सीनियर ताईच्या गॉगलवरून फिरून गेली. ताई काही बोलली नाही, ड्रॉवरमधून काळी टेप काढली आणि माझ्यासमोर ठेवली. त्या रात्री सगळ्या ॲलन कीज गुंडाळत बसलो होतो, अजून तशाच आहेत. घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातलं आयकार्ड सगळं दाराबाहेर, आणि आईने दिलेला स्टीलचा डबा ऑप्टिकल टेबलावर ठेवलेला दिसला तर मी तो जप्त करतो (रिकामा करून परत देतो).

पॉवर कमी करताना करंट खाली आणून भागत नाही, बऱ्याच लेझरचा बीम करंटबरोबर थोडा हलतो, मग फुल पॉवरला सगळं परत बिघडतं. हाफ-वेव्ह प्लेट आणि पोलरायझर लाव (प्लेट फिरवली की पोलरायझर बीमचा कमी-जास्त भाग बाजूला काढतो), पण पोलरायझरने बाजूला काढलेला बीम कुठे जातोय ते बघ, त्याला स्वतःचा बीम डम्प, म्हणजे बीम गिळून टाकणारा ब्लॉक, लागतो. हे नव्वद टक्के पोरं विसरतात (आकडा माझ्या मनाचा, पण अनुभवाचा). नवीन काहीही बसवलंस की आधी शटर बंद, पुढे ब्लॉक ठेव, मगच शटर उघड. मिररच्या मागून गळणारा, लेन्सने परत फेकलेला, सगळ्यांना ब्लॉक. ब्लॉक म्हणून व्हिजिटिंग कार्ड नको, ते पेटतं. आयआर कार्डवर (न दिसणारा इन्फ्रारेड बीम पडला की चमकणारं कार्ड) प्लास्टिक लॅमिनेशन असेल तर ते पण आरशासारखं चमकतं, ते खाली तिरकं धर. शेवटी आयआर व्ह्यूअर घेऊन टेबलाच्या चारही बाजू फिरून बघ.

पेन खाली पडलं तर शटर बंद केल्याशिवाय वाकायचं नाही. बीम टेबलाच्या लेव्हलला असतो आणि खाली वाकलं की डोळे बरोबर तिथूनच जातात, खुर्चीत बसलं तरी तेच. खुर्च्या म्हणून बाहेरच्या खोलीत.

फ्लॅशलॅम्प लेझरचं झाकण तू उघडायचंच नाहीस. आतले कपॅसिटर मेन स्विच बंद केल्यावरही चार्ज धरून बसतात, आणि बीम डोळा घेतो पण हे जीव घेतात. आयपीएची (लेन्स पुसायचं अल्कोहोल) बाटली आणि टिश्यू बीमपासून लांब.

मुंबईचं एक वेगळंच दुखणं म्हणजे जुलैतली दमट हवा. एसी ट्रिप झाला आणि लेझरला थंड पाणी पुरवणारा चिलर १८ डिग्रीवर चालूच राहिला तर लेझर हेडवर पाणी सुटतं, थंड बाटलीला सुटतं ना तसंच. म्हणून एसी गेला की आधी लेझर बंद, मग चिलर, मग एसीवाल्याला फोन.

आणि कधी लागलाच डोळ्याला तर दुखेल म्हणून वाट बघू नकोस, रेटिनाला दुखत नाही. पल्स लेझरने कधी डोक्यात फट् असा आवाज येतो, कधी नजरेत काळा डाग दिसतो, कधी फक्त धूसर. शटर बंद कर, डोळा चोळू नकोस, सेटअपला हात लावू नकोस, वेव्हलेंथ आणि पॉवर किंवा पल्स एनर्जी कागदावर लिही आणि कुणाला तरी बरोबर घेऊन रेटिनाच्या डॉक्टरकडे जा, टॅक्सीने, रात्रीचे दोन वाजले असले तरी. सरांना काय सांगायचं ते टॅक्सीत ठरव.