स्पर्धा पुढे ढकलली? मग यजमानांनी या चुका टाळा

स्पर्धा पुढे ढकलल्याची बातमी आली की संयोजन कमिटीत कोणीतरी हमखास म्हणतं, "बरं झालं, तेवढाच वेळ मिळाला." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुस्तीचं मोठं मैदान असो की बाहेरच्या देशाचा संघ येणारा सामना, हे वाक्य ठरलेलं. घोटाळा इथूनच सुरू होतो. पोलिसांची परवानगी, मंडपवाल्याचा इसार, पाहुण्या खेळाडूचा व्हिसा, मंगल कार्यालयाचं बुकिंग, स्वयंसेवकांची यादी, इतकंच काय, आखाड्यातली मातीसुद्धा एका ठराविक तारखेसाठी तयार केलेली असते. तारीख हलली की यातलं निम्मं पुन्हा पहिल्यापासून उभं करावं लागतं. जुन्याच तयारीवर नवी तारीख चिकटवून चालत नाही.

आपल्याकडे मोठ्या मैदानांत इराणचे मल्ल उतरतात. बेळगावात ऑटोनगरच्या क्रिकेट मैदानावर २०१९ मध्ये भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' खेळून गेले. परदेशी पाहुण्यांचं यजमानपण आता आपल्याला नवं नाही. म्हणून पुढे गेलेल्या स्पर्धा मोठ्या शहरांनी कशा निभावल्या, कुठे अडखळले, हे आपण बारकाईने बघायला हवं.

नवी तारीख घाईत ठरवणे

कोरोनामुळे टोकियो ऑलिंपिक पुढे ढकलल्याची घोषणा २४ मार्च २०२० ला झाली आणि सहा दिवसांत, ३० मार्चला, नवी तारीखही आली. ही घाई वाटते, पण त्यामागे हिशेब होता. जुनं उद्‌घाटन शुक्रवारी २४ जुलैला होतं, नवं पुढच्या वर्षी शुक्रवारी २३ जुलैला. ऋतू तोच, वार तोच, त्यामुळे कोणत्या वारी कोणता खेळ हा आराखडा जवळपास तसाच ठेवता आला. चीनमधल्या हँगझोने उलट केलं. आशियाई स्पर्धा पुढे जाणार हे ६ मे २०२२ ला कळलं, पण २३ सप्टेंबर २०२३ ही नवी तारीख जुलैत जाहीर झाली. चीनमधल्याच चेंगदूच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धा मात्र २०२१ वरून २०२२ वर आणि तिथून पुन्हा २०२३ वर गेल्या. दुसऱ्यांदा तारीख बदलली की लोक तिसऱ्या तारखेवर विश्वास ठेवायला तयार होत नाहीत.

आपल्या भागात तारीख काढणं किती अवघड आहे, हे बाहेरच्या महासंघाला कळत नाही. ते आपणच पहिल्या बैठकीत स्पष्ट सांगितलं पाहिजे. जून ते सप्टेंबर पाऊस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत निपाणीजवळ यमगर्णीला महामार्गावर पाणी आलं आणि कोल्हापूरकडची वाट बंद पडली. गोव्याकडच्या चोर्ला घाटाचाही पावसाळ्यात भरवसा नाही. गणपतीत पोलीस बंदोबस्त मिळणं कठीण. १ नोव्हेंबरला शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन, त्यामुळे त्या आठवड्यात कुठलाच मोठा कार्यक्रम धरू नये. डिसेंबरमध्ये सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरतं. मंत्री, आमदार, अधिकारी, आंदोलक, पत्रकार सगळे एकदम येतात आणि शहरातल्या चांगल्या लॉजची एक खोली मिळत नाही. मार्गशीर्षात आणि माघात सौंदत्तीची यात्रा, माघातच चिंचलीच्या मायाक्काची यात्रा, तेव्हा परिवहनच्या जादा गाड्या तिकडे वळतात. नोव्हेंबरपासून ऊस सुरू झाला की निपाणी, चिकोडी, रायबाग, अथणी या रस्त्यांवर संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रेलर लावलेले ट्रॅक्टर. खेळाडूंची बस वेळेवर पोचणार असं कोणी छातीठोक सांगू नये. मार्च-एप्रिलमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, म्हणजे शाळांच्या खोल्याही नाहीत आणि कर्णाही नाही. एप्रिल-मेमध्ये राकसकोप जलाशयाची पातळी उतरलेली असते, लग्नसराई असते, वळीव कधी कोसळेल सांगता येत नाही आणि निवडणुकीचं वर्ष असेल तर आचारसंहिता.

मग राहतं काय? जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी, यात्रेचे दिवस वगळून. हे बारा महिन्यांचं कोष्टक एका कागदावर मांडून महासंघाच्या हातात द्या. तसं केलं नाही तर ते त्यांच्या सोयीची तारीख कळवतील आणि निस्तरत आपण बसू.

आणखी एक गोष्ट. तारीख सर्वांत मागे पडलेल्या कामावरून ठरवावी, उद्घाटकाच्या सवडीवरून नव्हे. गोव्यात पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये व्हायच्या होत्या. पावसाने कामं रखडली आणि त्या १८ जानेवारी २०१४ ला सुरू झाल्या. घाटाखालचा तोच पाऊस खानापुरातही पडतो. शेडचं, शौचालयांचं, रस्त्याचं काम ऑक्टोबर उघडल्यावर खऱ्या अर्थाने किती दिवस चालतं, ते गवंड्याला आणि ठेकेदाराला समोर बसवून विचारा.

जुनी तारीख लोकांच्या डोक्यातून गेली असं समजणे

ऑलिंपिकसाठी जपानने २०२१ मधल्या तीन सार्वजनिक सुट्ट्या हलवल्या. त्याचा कायदा २०२० च्या नोव्हेंबरअखेरीस झाला. तोवर पुढच्या वर्षीच्या दिनदर्शिका छापून झाल्या होत्या आणि घरोघरी भिंतीवर चुकीच्या तारखा लाल दिसत राहिल्या. सगळ्या देशाची ही तऱ्हा, तर आपल्या पत्रकांचं काय सांगावं?

आपल्याकडे जुनी जाहिरात तीन ठिकाणी टिकून राहते: गावाच्या वेशीवरच्या रंगवलेल्या भिंतीवर, रिक्षांच्या मागे आणि व्हॉट्सअॅपवर. भिंत पुसता येते, रिक्षाचा कागद काढता येतो, पण व्हॉट्सअॅपवरचं पोस्टर वर्षभराने कोणीतरी "नक्की या" म्हणून पुन्हा पाठवतं आणि सांगलीकडची माणसं गाडी करून येतात. उपाय साधा आहे. नवं पोस्टर जुन्यासारखं करूच नका. रंग बदला, मल्लांचे फोटो बदला, सर्वांत वर 'नवी तारीख' लिहा आणि खाली जुनी तारीख काट मारून दाखवा. मजकूर मराठी आणि कन्नड दोन्हींत ठेवा. हुक्केरी-गोकाककडचा प्रेक्षक आपल्या मैदानांना मोठ्या संख्येने येतो, त्याला बदल कळायला हवा. देणगीदारांना मात्र फोनच करा. ज्याने पाच हजारांची पावती फाडली, त्याला तारीख बदलल्याचं पोस्टरवरून कळावं, हे बरं नव्हे.

मैदान तयार आहे म्हणून कुलूप लावणे

कुस्तीच्या मैदानाची माती एकदा केली की झाली, असं नवख्या कमिटीला वाटतं. तांबडी माती चाळून, खडे वेचून, त्यात हळद, लिंबू, ताक, तेल, कापूर घालून जी मऊ बैठक तयार होते, ती रोजच्या खोदण्याने आणि अंगाखाली मळली जाऊन टिकते. स्पर्धा दोन-तीन महिने पुढे गेली आणि माती ताडपत्रीखाली तशीच झाकून ठेवली, तर वरचा थर दगडासारखा आवळतो आणि कडेला जिथे पाणी झिरपलं तिथे कुबट वास येतो. अशा मातीत मल्ल पाठीवर पडला तर खांदा गेलाच म्हणून समजा. परदेशी मल्ल बहुधा मॅटवर वाढलेला असतो. त्याला मातीत कसं पडायचं ते ठाऊक नसतं, म्हणून धोका त्याला जास्त.

हे टाळायचं तर ताडपत्री दोन-चार दिवसांनी काढून ऊन दाखवा. आठवड्यातून एकदा फावड्याने खालवर करा. सर्वांत चांगलं म्हणजे गावातल्या तालमीच्या पोरांना तिथेच सराव करू द्या. नव्या तारखेच्या आधी वस्तादांना बोलवा. मातीची मूठ वळली पाहिजे आणि बोटाने दाबल्यावर सुटली पाहिजे. मूठ वळतच नसेल तर माती कोरडी, सुटत नसेल तर ओल जास्त. ताक-लिंबू पुन्हा घालायचं की नाही ते वस्ताद सांगतील, त्यात खजिनदाराने काटकसर करू नये.

मैदान वापरात ठेवण्याची हीच गोष्ट हँगझोने मोठ्या प्रमाणावर केली. स्पर्धा वर्षभर पुढे गेल्यावर तिथली क्रीडासंकुलं सामान्य लोकांना खुली केली. वापर होत असला की गळकं छप्पर, तुंबलेली मोरी, न पेटणारा दिवा आधीच कळतो. आपल्याकडेही पाहुण्यांसाठी केलेली सोय नंतर गावाला उपयोगी पडल्याची जुनी खूण आहे: १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर.

जागा आपल्याच ताब्यात राहील असं धरणे

टोकियोत माध्यम केंद्र 'बिग साइट' या प्रदर्शन संकुलात होतं. तिथे पुढच्या वर्षीची प्रदर्शनं ठरलेली होती, त्यामुळे पुन्हा वाटाघाटी कराव्या लागल्या. हारुमीच्या क्रीडाग्रामातले फ्लॅट तर स्पर्धेआधीच विकायला काढले होते. २०२३ मध्ये मिळायचं घर २०२४ वर गेलं आणि काही खरेदीदार कोर्टात गेले. आपल्याकडे खेळाडूंना उतरवायचं मंगल कार्यालय नव्या तारखेला कुणाच्या तरी लग्नासाठी गेलेलं असतं, आणि लग्न हलवा असं कोणत्या तोंडाने सांगणार? पुढे ढकलल्याचं कळताच, नवी तारीख ठरायच्या आधीच, कार्यालयवाल्याकडून कोणते दिवस मोकळे आहेत ते लिहून घ्या. तारीख ठरवताना तो कागद समोर हवा.

यजमानपदही गृहीत धरू नका. युरो २०२० ही फुटबॉल स्पर्धा पुढच्या वर्षी झाली तेव्हा डब्लिन आणि बिल्बाओ ही दोन शहरं यादीतून गेली. किती प्रेक्षक आत सोडणार याची खात्री त्यांना देता आली नाही. मुलींचा १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक २०२० मध्ये भारतात पाच शहरांत व्हायचा होता. तो अखेर २०२२ मध्ये तीन शहरांत झाला आणि मूळ यादीत नसलेल्या मडगावला सामने मिळाले.

परवानग्या आणि पाहुणे

जुन्या परवानगीवर तारीख खोडून चालत नाही. शहरात पोलीस आयुक्तालय, बाहेर जिल्हा पोलीस, महापालिका किंवा पंचायत, अग्निशमन, हेस्कॉमचं तात्पुरतं वीज कनेक्शन, सगळ्यांकडे नवा अर्ज करावा लागतो. अर्ज कन्नडमध्ये व्यवस्थित लिहिणारा एक माणूस कमिटीत सुरुवातीपासून घ्या. अर्जाची पोच सांभाळा.

परदेशी खेळाडूच्या निमंत्रणपत्रावर तारीख असते आणि व्हिसा त्याच तारखेवर मिळतो. नवं पत्र पाठवलं नाही तर पत्रकावर नाव आणि मैदानात माणूस नाही, असं होतं. सांबऱ्याच्या विमानतळावर परदेशातून थेट विमान येत नाही, तेव्हा पाहुणा गोव्यातून किंवा मोठ्या शहरातून येणार. त्याच्या नव्या वेळेनुसार गाडी ठरवा. तो लॉजवर उतरो, तालमीत उतरो की कमिटीतल्या कुणाच्या घरी, त्याची माहिती परदेशी पाहुण्यांच्या नोंदणीच्या सरकारी फॉर्ममध्ये (पूर्वीचा 'सी' फॉर्म) २४ तासांत भरावी लागते. ही जबाबदारी उतरवून घेणाऱ्याची आहे. गावात हे बहुतेकांना माहीत नसतं आणि नंतर पोलीस दारात आल्यावर त्या बिचाऱ्या घरमालकाची धावपळ होते.

स्वयंसेवकांचंही तसंच. टोकियोत सुमारे ८० हजार स्वयंसेवक होते, त्यांपैकी सुमारे १० हजारांनी स्पर्धेआधीच नाव मागे घेतलं. आपले स्वयंसेवक म्हणजे कॉलेजची पोरं. वर्षभरात त्यातली निम्मी पुण्या-बेंगळुरूला नोकरीला लागलेली असतात. यादी जुनी ठेवू नका, प्रत्येकाला फोन करून विचारा, येणार की नाही.

जेवण आणि पैसे

टोकियोत प्रेक्षकांना बंदी झाली, कामावरची माणसं कमी झाली, पण जेवणाच्या ऑर्डरी त्या प्रमाणात कमी झाल्या नाहीत. स्पर्धेच्या काळातल्या एका महिन्यात २० ठिकाणी मिळून सुमारे १ लाख ३० हजार डबे फेकले गेले. अन्नाची ही नासाडी वाचूनही पोटात कालवतं. आचाऱ्याला जुना आकडा सांगून मोकळं होऊ नका. आठ दिवस आधी नवा आकडा द्या आणि आदल्या रात्री पुन्हा एकदा द्या.

पुढे ढकलण्याचा खर्च वेगळा असतो, तो मूळ बजेटात शोधून सापडत नाही. टोकियोचा वाढीव खर्च सुमारे २९४ अब्ज येन धरला गेला. साधेपणासाठी पन्नासहून जास्त कपाती केल्या, त्यातून वाचले सुमारे ३० अब्ज. म्हणजे हार-तुरे आणि स्वागत-समारंभ कमी केल्याने भोक बुजत नाही. अमेरिकेतल्या बर्मिंगहॅमच्या 'वर्ल्ड गेम्स' या स्पर्धा ऑलिंपिकला जागा देण्यासाठी २०२१ वरून २०२२ वर गेल्या आणि संपल्यावर सुमारे १ कोटी ४० लाख डॉलरची देणी उरली.

आपल्या मैदानात अशी देणी मंडपवाला, साऊंडवाला, जनरेटरवाला यांच्या नावावर उरतात. ती माणसं आपल्याच गल्लीतली असतात. म्हणून पुढे ढकलल्याचं कळल्यावर आठ दिवसांत प्रत्येकाला बोलवा. दिलेला इसार नव्या तारखेला धरणार की बुडणार, आजवर झालेल्या कामाचे किती देणं लागतो आणि नव्या तारखेचा दर काय, या तीन गोष्टी वहीत लिहून दोघांनी सह्या करा. मल्लांच्या इनामाची रक्कम मात्र वेगळ्या खात्यात ठेवा. तारीख कितीही वेळा बदलो, त्यातून मंडपाचं किंवा छपाईचं बिल भागवायचं नाही, हा ठराव पहिल्याच बैठकीत करून घ्या आणि त्याची एक प्रत वस्तादांकडे द्या.