डोळे दुखतात म्हणून स्क्रीन पिवळी करताय? आधी या चुका टाळा

डोळे चुरचुरायला लागले की बहुतेक जण आधी नाईट लाइट चालू करतात. निळा प्रकाश कमी होऊन स्क्रीन पिवळसर होते, काहीतरी केल्याचं समाधान मिळतं आणि संध्याकाळी डोळे पुन्हा जड ते जडच. निळ्या प्रकाशाला आपण उगाच बदनाम केलंय. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांवरच्या अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये आढावा घेतला. साध्या काचांच्या तुलनेत डोळ्यांचा ताण कमी होतो, असं त्यात काही आढळलं नाही. रात्री पिवळा रंग बरा वाटत असेल तर खुशाल ठेवा, पण आधी खालच्या गोष्टी तपासा.

ब्राइटनेस आला तसाच ठेवणं

नवा मॉनिटर घरातल्या खोलीच्या मानाने बहुधा फारच प्रखर असतो. पांढरा कोरा कागद स्क्रीनशेजारी धरा आणि वर्डची रिकामी फाइल उघडा. फाइल ट्यूबलाइटसारखी झगझगत असेल तर ब्राइटनेस उतरवा, कळकट दिसत असेल तर वाढवा. दोन्ही साधारण सारखे दिसले की थांबा. दुपारचं सेटिंग रात्री चालत नाही, हे पुन्हा करावं लागतं.

इथे अनेकांची फसगत होते. लॅपटॉपला जोडलेल्या वेगळ्या मॉनिटरचा ब्राइटनेस लॅपटॉपच्या कीबोर्डवरून सहसा बदलत नाही. त्यासाठी मॉनिटरच्या खाली किंवा मागे असलेली ती वैतागवाणी बटणं दाबावीच लागतात.

अंधारात बसून ब्राइटनेस तळाला नेणं

काही मॉनिटर, विशेषतः जुने, ब्राइटनेस कमी करण्यासाठी मागचा दिवा झपाट्याने चालू-बंद करतात. लुकलुक दिसत नाही, पण काहींचं डोकं त्याने दुखतं. पांढऱ्या स्क्रीनसमोर पेन्सिल भराभर हलवून बघा. सलग पुसट पट्टा दिसण्याऐवजी सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर समजा, लुकलुक आहे. मग ब्राइटनेस थोडा चढा ठेवा आणि खोलीतला दिवा लावा. दिव्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर पडू देऊ नका.

अक्षरं मोठी करायला रिझोल्यूशन कमी करणं

ही सगळ्यात वाईट सवय. रिझोल्यूशन म्हणजे स्क्रीनवरच्या ठिपक्यांची संख्या. १९२० बाय १०८० चा मॉनिटर १३६६ बाय ७६८ वर आणला की अक्षरं मोठी होतात खरी, पण कडा पुसट होतात. मराठीत तर अनुस्वार, रफार आणि जोडाक्षरं आधीच बारीक. ती ओळखताना डोळे बारीक करावे लागतात. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले इथे जा. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा आणि स्केल, म्हणजे अक्षरांचा आणि चिन्हांचा आकार, १२५ टक्के करा. एखादं सॉफ्टवेअर तरीही धूसर दिसलं तर विंडोजमधून साइन आउट करून परत या.

टीव्हीच मॉनिटर म्हणून वापरत असाल तर शार्पनेस उतरवा. तो जास्त असला की अक्षरांभोवती पांढरी कड उमटते.

डार्क मोडचा हट्ट

सगळ्यांना तो मानवत नाही. दृष्टिवैषम्य, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असलेल्यांना काळ्यावरची पांढरी अक्षरं बरेचदा फुटल्यासारखी दिसतात.

सेटिंगवरच सगळा भार टाकणं

स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे कोरडे पडतात. त्यावर मॉनिटरमध्ये बटण नाही. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा आणि पापण्या मुद्दाम मिटा. स्क्रीन हातभर लांब असावी, तिची वरची कड नजरेच्या पातळीला किंवा किंचित खाली. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर ती आणखी खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून वाचावं लागतं आणि मान धरते. एवढं करूनही डोकं दुखत राहिलं, तर नंबर तपासून घ्या.